पारव्याहून लहान

त्या माळाला छप्पर नव्हते. ससे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते, पण बीळ खणण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. गवताच्या बुंध्याशी अंग दाबून बसल्यावर जी उथळ खळगी पडते, तेच त्यांचे घर. चारी बाजूंनी गवताचा आडोसा आणि वर उघडे आभाळ. त्यामुळे माळावरचे मरण बहुतेक वरून येई.

त्याची चाहूल आधी लागावी म्हणून माळाच्या मधोमध असलेल्या टेकाडावर लांब आणि तिखट कानांचे ससे बसवलेले असत. त्यांना कानकरी म्हणत. टेकाडावरचे कोवळे गवत त्यांच्यासाठी राखलेले असे आणि माळसभेत त्यांना पुढची जागा मिळे. ससाण्याच्या झेपेची शीळ किंवा घारीच्या पंखांचा फडका कानी आला की कानकरी मागचा पाय जमिनीवर आपटत. ती थाप जमिनीतून साऱ्या माळाला पोचे आणि जो तो काटेरी झुडपांकडे धूम ठोके.

फक्त एक नियम होता. पारव्याहून लहान असे जे काही उडते, त्यासाठी थाप द्यायची नाही. थोरला कानकरी मारवेल याने तो नियम घातला होता, आणि उगाच घातला नव्हता. पूर्वी चंडोल उडाला तरी थाप पडे, भुंगा घोंगावला तरी थाप पडे. एका सकाळी फुलपाखरांचा थवा आला, कोणीतरी पाय आपटला, सारा माळ उधळला आणि त्या पळापळीत कितीतरी तान्ही पिल्ले मोठ्यांच्याच पायांखाली चेंगरली. त्यांत मारवेलचा मुलगाही होता. तेव्हापासून माळावर म्हण पडली, ‘पारव्याहून लहान, ते कानाआड.’ पुढे माळ बराच काळ निवांत चरला आणि सगळ्यांनी मारवेलला दुवा दिला.

ओढ्यापलीकडे कोल्हे राहत. त्यांची जमीन खडकाळ होती आणि नजर माळावर होती. पळण्यात ससे त्यांना हार जात नसत, म्हणून कोल्ह्यांनी पळू न शकणाऱ्यांचा विचार केला. त्यांनी गांधीलमाश्यांना बोलावले. रोजच्या शिकारीतला मऊ मांसाचा वाटा त्यांना देऊ केला आणि बदल्यात एवढेच मागितले, की सशिणी चरायला गेल्या असताना त्यांच्या खळग्या शोधायच्या. ज्या माळावर पिल्ले वाढत नाहीत, तो आपोआप ओस पडतो, हे कोल्ह्यांना ठाऊक होते. माळाला या कराराची वार्ता पुष्कळ उशिरा लागली.

कुसळी नावाची सशीण तेव्हा नवी कानकरी होती. दव सुकत आले होते, ओढ्याकडची कड उन्हात पिवळी दिसत होती, आणि तिला एक आवाज ऐकू आला. गवताचे ओले पाते ओठांत धरून कोणी संथ फुंकावे, तसा तो बारीक आणि लांबलेला होता.

“मारवेलकाका, ओढ्याकडून काहीतरी येतंय,” ती म्हणाली.

“केवढं?”

“बोराएवढं असेल. पण सरळ येतंय. फुलावर थांबत नाही, कुठं वळत नाही.”

“मग कानाआड कर, पोरी. बोराएवढ्यासाठी माळ उधळायचा का?”

“नुसतं खालच्या गवताला सांगून येऊ?”

मारवेलने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तो रागीट नव्हता. “आज तू सांगून येशील, उद्या दुसरा सांगेल, परवा पुन्हा पळापळ,” तो म्हणाला. “नियम कोणासाठी आहे?”

“सगळ्यांसाठी.”

“मग झालं.”

कुसळी जागेवर बसली. आवाज टेकाडाच्या बगलेने खाली गेला, थांबला, आणि मग एक किंकाळी आली, इतकी लहान की कानकऱ्याशिवाय कोणाला ती ऐकूही आली नसती. त्यापाठोपाठ दुसरी आली. ती कुठून येत होती हे कुसळीला कळले. ती धावत पोचली तेव्हा तिची तिन्ही पिल्ले खळगीत आपापल्या जागी पडली होती, माना सुजून धडाएवढ्या झाल्या होत्या, आणि एकाच्या कानाच्या पाळीवर गांधीलमाशी बसून पुढच्या पायांनी तोंड पुसत होती.

मारवेलची मुलगी लव्हाळी ही कुसळीची लहानपणापासूनची सोबतीण. ती येऊन बसली. कुसळी काही खाईना, तेव्हा लव्हाळीने हराळी स्वतः चावून मऊ केली आणि तिच्या तोंडापाशी ठेवली. “एवढं घे गं,” ती म्हणत राहिली. “माझ्यासाठी घे.” ऊन कलले तेव्हा मारवेलही आला. त्याने कुसळीच्या कपाळाला कपाळ लावले.

“तुझा काही दोष नाही, पोरी,” तो म्हणाला. “तू नियम पाळलास.”

त्याला ते सांत्वन वाटले होते. कुसळीने मान खाली घातली, आणि त्याच क्षणी तिने डूख धरला. मारवेल मरावा असे तिला वाटले नाही. म्हातारा मेला तर सुटून गेला असता. त्याने जगावे, आणि जे तिच्या कानांत शिरले ते त्याच्याही कानांत शिरावे, एवढेच तिला हवे होते.

तिने टेकाड सोडले आणि घाणेरीच्या जाळीत जाऊन बसली. तिथे दिवसभर काही ना काही उडत असे. ती खात होती ते जगण्यापुरते, बाकी वेळ नुसते ऐकत होती. पाखरू पंख मारते आणि क्षणभर विसावते, हे तिला कळले. आवाजात ते एक बारीक खिंडार राहते. मधमाशी या फुलावरून त्या फुलावर अडखळत जाते. चतुर जागेवर थरथरतो आणि एकदम दिशा बदलतो. गांधीलमाशी, जी कोल्ह्यांच्या कामावर निघालेली असे, ती कधीच विसावत नसे. तिच्या आवाजाला खिंडार नसे. आणखी एक खूण कुसळीने पकडली. येताना तो आवाज चढा असतो आणि निघून जाताना उतरतो. त्यामुळे डोळे मिटूनही ती तुमच्याकडे येते आहे की दुसऱ्या कोणाकडे, ते सांगता येते.

अडचण वाऱ्याची होती. गांधीलमाश्या हुशारीने गवताच्या शेंड्यांना लगटून उडत, म्हणजे त्यांची गुणगुण सळसळीत बुडून जाई. कुसळीने त्यावरही तोड काढली. एक कान गवताला लावायचा, दुसरा आभाळाला. दोन्ही कानांत जे सारखे येते ते गवत, ते मनातून काढून टाकायचे. मागे जे एकाच कानात उरते, ते वैरी. हे जमायला तिला फार दिवस लागले, आणि त्या दिवसांत तिला झोपही नीट लागली नाही. पण जेव्हा जमले तेव्हा माळाच्या पार कडेला उडालेली माशी ती बसल्या जागी वेगळी काढू शकत होती. तिची पिल्ले मेली त्या दिवशी ही विद्या कोणाकडेच नव्हती. ती असू शकली असती, असे मात्र तिला वाटे, आणि ती का नव्हती याचे उत्तर टेकाडावर उन्हात बसलेले असे.

तोवर माळावर रोज कुठली ना कुठली खळगी रिकामी होऊ लागली होती. ओढ्याकडच्या सशिणी बिऱ्हाडे उचलून आत सरकल्या आणि त्यांनी सोडलेल्या गवतात कोल्हे येऊन लोळू लागले. तेव्हा कुठे माळाला तो करार उमगला आणि सभा भरली. कुसळीने तिथल्या तिथे डोळे मिटून सांगितले, “आता एक येतेय. हिवराच्या झाडाच्या बाजूनं. ती त्या वाकड्या बोरीखालच्या खळगीत शिरेल.” चारदोन ससे बोरीची काटेरी डहाळी तोंडात धरून धावले आणि तिथे शिरणारी गांधीलमाशी त्यांनी जमिनीवर रगडली.

सभेने कुसळीला आपले कानकरी निवडायला सांगितले. पण पळापळीची धास्ती कोणाच्याही मनातून गेलेली नव्हती. म्हणून असे ठरले, की माळाला मोठी थाप मारवेलच देईल, पारव्याचा नियम तिला लागू राहील. बारीकसारीक उडणाऱ्यांसाठी वेगळी, हलकी थाप असेल. ती ज्या खळगीवर संकट आहे तिच्यापुरतीच पोचेल, आणि ती द्यायची की नाही हे एकट्या कुसळीने ठरवायचे. मारवेल उठून म्हणाला, “माझे कान म्हातारे झाले. पोरीनं केलं ते मला जमलं नसतं.” त्याच्या आवाजात खोट नव्हती. कुसळीने त्याला नमस्कार केला.

मग तिचे दिवस आले. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सहा कानकरी तिने स्वतः घडवले. हलकी थाप पडली की खळगीत सशीण असली तर ती पिल्लांवर काटेरी फांदी ओढून घेई, नसली तरी जवळ दबा धरलेले ससे डहाळ्यांनी माशीला खाली पाडत. मेलेल्या गांधीलमाश्या कुसळी स्वतः उचलून ओढ्याकाठच्या बाभळीपाशी नेई आणि खाटीक पक्षी टोचतो तशा काट्यांवर टोचून ठेवी. पलीकडून कोल्ह्यांना दिसाव्यात अशा. बाभळीची खालची फांदी माश्यांनी भरून गेली, मग वरची. एखादी अजून जिवंत असली तर कुसळी तिथेच बसून तिचा आवाज ऐके. चढा असलेला तो सूर हळूहळू उतरे आणि विझे. माळ तिचे नाव घेऊन धीर धरू लागला. ती मात्र बाभळीकडून परतताना टेकाडाकडे पाही आणि तिला वाटे, अजून काहीच झालेले नाही.

गवताला कुसळे धरली तेव्हा लव्हाळीला पिल्ले झाली. मारवेलच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तो टेकाडावर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगे, “धाकट्याचे कान पाहिलेत का? पाठीच्या पार मागं पोचतात.” लव्हाळी कुसळीला म्हणाली, “मी बिनघोर चरायला जाते, कुसळे. वर तू आहेस ना.”

एका टळटळीत दुपारी वारा पडला होता. मारवेल टेकाडाच्या माथ्यावर पाय पसरून बसला होता. घारीसाठी त्याचे कान अजून पुरेसे होते. खालच्या बाजूला कुसळी आणि तिचे कानकरी आपापल्या जागी होते. आवाज त्या सगळ्यांनी एकदमच ऐकला. चढा, सलग, बिनखिंडाराचा. तो ओढ्यावरून निघाला, गवताला लगटून आला, हिवर ओलांडला आणि लव्हाळीच्या खळगीच्या रोखाने वळला. सगळ्या कानकऱ्यांचे कान त्या दिशेला फिरले आणि मग डोळे कुसळीकडे फिरले.

कुसळीने पाय उचलला नाही.

तिला सगळे ऐकू येत होते. माशीचे पंख, खळगीत एकमेकांच्या अंगावर चढणाऱ्या पिल्लांची चुळबुळ, आणि दूरवर दात लावून गवत तोडणारी लव्हाळी. एका कानकऱ्याने न राहवून आपला पाय उचलला, तेव्हा कुसळीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पाय हवेतच राहिला.

मारवेलला आवाज येत नव्हता. पण सगळे कान त्याच्या लेकीच्या खळगीकडे ताठ झालेले त्याला दिसले.

“काय आहे गं तिकडं?” त्याने वरून विचारले.

“काही नाही, काका,” कुसळी म्हणाली. “पारव्याहून लहान आहे.”

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पुन्हा आभाळाकडे पाहू लागला. मग किंकाळ्या आल्या. त्या इतक्या लहान होत्या की मारवेलपर्यंत पोचल्याच नाहीत. कुसळीने त्या एक एक करून ऐकल्या. तिला वाटले होते की ऐकल्यावर छातीतले काहीतरी सैल होईल. खरेच झाले. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली, आणि ती तिथेच गवत चरू लागली. तिच्या कानकऱ्यांनी ते पाहिले, आणि एकेकाने आपले कान खाली पाडले.

लव्हाळीचा हंबरडा मात्र मारवेलला ऐकू आला.

सभेत कुसळीने सांगितले की वारा फिरला आणि आवाज निसटला. वारा नव्हता हे कानकऱ्यांना माहीत होते, पण कोणी तोंड उघडले नाही. सभा उठल्यावर मारवेल एकटा तिच्या खळगीपाशी आला. त्याचे कान दोन्ही बाजूंना लोंबत होते.

“तुला ऐकू आलं होतं,” तो म्हणाला.

“आलं होतं.”

“तुझी पिल्लं गेली तेव्हा मला ठाऊक नव्हतं, कुसळी. बोराएवढं काहीतरी पिल्लू मारतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुला सगळं ठाऊक होतं.”

“म्हणूनच तर,” कुसळी म्हणाली.

मारवेलने तिच्याकडे पाठ केली. “लव्हाळीनं तुला चारा भरवला होता,” एवढेच तो शेवटी म्हणाला आणि निघून गेला. त्याने कोणालाही काही सांगितले नाही. टेकाडावर तो पुन्हा चढला नाही, आणि खालच्या गवतात तो कधी मेला तेही फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

इकडे सभेने दुसरा विचार केला. एकट्या कुसळीवर सगळे सोपवले म्हणून आवाज निसटला, तेव्हा आता प्रत्येक कानकऱ्याने आपापली बाजू सांभाळावी आणि थाप द्यायची की नाही ते स्वतःच ठरवावे, असे ठरले. मोठी थापही आता जो आधी ऐकेल त्याने द्यायची होती. कानकरी कमी पडत होते, म्हणून नवे मागवले. लव्हाळी पुढे आली. तिचे कान बापासारखे लांब होते. तिला नाही म्हणायला कुसळीपाशी कारण नव्हते, निदान सांगण्याजोगे नव्हते. तिने लव्हाळीला सगळे शिकवले. खिंडार शिकवले, चढाउतार शिकवला, एक कान गवताला आणि एक आभाळाला लावायला शिकवले. लव्हाळी भराभर शिकली. ती फार बोलत नसे.

पुढच्या हंगामात कुसळीला पुन्हा पिल्ले झाली. तिची खळगी ज्या उतारावर होती, तो उतार सभेने लव्हाळीला नेमून दिला होता. कुसळीने बाजू बदलून मागितली. सभेने विचारले, “का?” तिने मागणी मागे घेतली.

“माझी पिल्लं तुझ्या बाजूला आहेत, लव्हाळे,” ती दुसऱ्या दिवशी सहज बोलल्यासारखे म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“तुझे कान चांगले आहेत.”

“तूच शिकवलंस ना,” लव्हाळी म्हणाली. त्या दुपारी वारा नव्हता हे तिला कोणी सांगितले, ते कुसळीला कधीच कळले नाही. टेकाडावर कान पाडणारे काही थोडे नव्हते.

त्यानंतर कुसळीचे मन पिल्लांना सोडून कुठे गेले नाही. टेकाडावर असली तरी तिचे दोन्ही कान स्वतःच्याच खळगीवर लागलेले असत, आणि तिच्या वाट्याच्या उतारावर काय शिरते ते तिला समजेनासे झाले. तिथे ज्यांची पिल्ले गेली, त्यांचे कोणी ना कोणी भाऊबंद कानकरी होते. त्यांच्याही वाट्याला एकेक उतार होता, आणि त्या उतारांवर इतरांच्या खळग्या होत्या. कोणी कोणाचे कोवळे गवत खाल्ले होते, कोणी कोणाची सशीण पळवली होती, कोणी सभेत कोणाला हसले होते. सगळ्यांचे कान उत्तम होते. माळावर इतके चांगले ऐकणारे पूर्वी कधीच नव्हते. पण हलकी थाप क्वचितच पडे. कोणी विचारले तर उत्तर तयार असे, की वारा होता. गांधीलमाश्यांनी गवताला लगटून उडणे सोडून दिले. त्या आता भर उन्हात टेकाडाच्या डोक्यावरून जात.

एका सकाळी कोल्ह्यांनी स्वतःच ओढा ओलांडला. त्यांना घाई नव्हती. कोरड्या गवतावर त्यांची पावले पडू लागली, जड, सावकाश, अनेक. ती ऐकायला कानकरी असण्याची गरज नव्हती. पारव्याहून ती कितीतरी मोठी होती.

टेकाडावर कुसळीने पाय उचलला आणि लव्हाळीकडे पाहिले. लव्हाळीनेही पाय उचललेला होता आणि ती पलीकडच्या कानकऱ्याकडे पाहत होती. तोही कोणाकडे तरी पाहत होता. थाप पडली नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे कान ताठ उभे होते, एकही पान हलत नव्हते, आणि माळावरचा प्रत्येक ससा जिवाचा कान करून एवढेच ऐकत होता, की पावले कोणाच्या खळगीकडे वळतात.